जुन्या वॉलपेपरवर थेट रंग: कुठे चालतो, कुठे अंगाशी येतो

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात घोडबंदर रोडवरची साधारण पंधरा वर्षांची इमारत, घरातल्या दोन भिंतींना आठ वर्षांपूर्वी लावलेला वॉलपेपर. हॉलची टीव्हीची भिंत 14 फूट रुंद, पश्चिमेची, म्हणजे इमारतीची बाहेरची भिंत. तिचे सांधे उघडलेत आणि खालचा कोपरा काळा पडलाय. बेडरूमची पलंगामागची भिंत 11 फूट, दोन खोल्यांच्या मधली. तिथला कागद घट्ट आहे, फक्त त्याची नक्षी आता नकोशी झालीय. पेंटर म्हणतो, कागद काढला तर प्लास्टर निघेल, वरूनच रंग मारू आणि गणपतीच्या आत संपवू. ऐकावं का?

बेडरूमपुरतं ऐकता येईल, पण तो करणार आहे त्या पद्धतीने नाही. हॉलपुरतं अजिबात ऐकू नका. आणि गणपतीच्या आत यातलं काहीच नको.

रंग कागदावर का टिकत नाही

वॉलपेपर भिंतीला धरून असतो तो खळीवर. ती स्टार्चची असो वा सेल्युलोजची, पाणी लागलं की मऊ होते. घरात मारतो तो इमल्शन रंग पाण्याचा, त्यात पेंटर वरून आणखी पाणी घालतो. हे पाणी सांध्यातून आत शिरतं, मागचा कागद फुगून रुंद होतो, खळ सुटते, आणि वर रंग वाळताना आकसून कडा ओढतो. पहिला हात मारल्यावर तासाभरात सांध्यावर नखाएवढी कड उभी राहते ती यामुळे. दुसऱ्या दिवशी ती तशीच कडक झालेली असते. घासायला जावं तर कागद फाटतो आणि त्याचे पांढरे तंतू रंगातून वर येतात. मग त्यावर लांबी (फटी भरून सपाट करायची पुट्टी), पुन्हा घासणं, पुन्हा पाणी, पुन्हा कड.

दुसरी अडचण वरच्या थराची. आपल्याकडे घराघरात लागलेले बहुतेक कागद व्हायनलचे, म्हणजे मागे कागद आणि वर पीव्हीसी प्लास्टिकचा थर असलेले. पीव्हीसीत रंग मुरत नाही, नुसता वर बसतो, आणि नखाने ओरखडा काढला तर सालीसारखा निघतो. शिवाय पीव्हीसी लवचीक राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर असतं. ते हळूहळू वर येतं आणि वरचं इमल्शन चिकट राहतं, धूळ धरतं. पलंगामागच्या भिंतीला हा दोष विशेष जाणवतो, कारण डोकं आणि उशी तिथेच टेकते.

शाईचं म्हणाल तर लाल, मरून आणि सोनेरी छपाई सर्वांत त्रासदायक. इमल्शनचे तीन हात मारले तरी गुलाबी किंवा पिवळट सावली झिरपून वर येते. रंग पातळ लागला असं समजून लोक चौथा हात मारतात. दोष रंगाच्या जाडीचा नसतो. शाई प्रत्येक ओल्या हातात पुन्हा विरघळते, म्हणून ती अडवायला वेगळ्या जातीचा थर लागतो.

आणि ठाणे–नवी मुंबईत या सगळ्याच्या वर हवा बसलेली आहे. जून ते सप्टेंबर बाहेरची भिंत पावसात भिजते, ती ओल आतल्या बाजूने बाहेर पडू बघते, आणि व्हायनल तिला अडवतं. मग ओल प्लास्टर आणि कागदाच्या मधे साठते. बुरशीला खळ म्हणजे आयतं जेवण. तुमच्या हॉलचा काळा कोपरा म्हणजे मागे पसरलेल्या डागाचं फक्त टोक असण्याची शक्यता दाट आहे. त्यावर ऑइल प्रायमर (रंगाखाली द्यायचा, टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा थर) आणि रंग चढवला की उरलासुरला श्वासही बंद, आणि पुढच्या पावसाळ्यात अख्खा पट्टा कागदासकट पोटासारखा पुढे येतो.

आधी काय तपासायचं

पेंटर बोलावण्यापूर्वी अर्धा तास स्वतः द्या. भिंतीवर एका जागी ओला स्पंज टेकवा आणि दोन मिनिटं बघा. पाणी मुरून डाग गडद झाला तर साधा कागद किंवा नॉन-वोव्हन (कापडासारख्या तंतूंचा), थेंब ओघळून गेले तर व्हायनल. मग बोटांच्या पेराने सगळी भिंत टकटक करत चला, विशेषतः सांधे, खिडकीची कड, स्कर्टिंगच्या (जमिनीलगतच्या पट्टीच्या) वरचा हातभर पट्टा. घट्ट कागदाचा आवाज भरीव येतो. सुटलेल्या जागी पापडासारखा कोरडा, पोचट आवाज येतो. अशा जागी पेन्सिलीने गोल करा. भिंतीच्या एक-पंचमांशापेक्षा जास्त भाग पोचट निघाला तर वरून रंगवायचा विचार सोडून द्या, दुरुस्तीला कागद काढण्यापेक्षा जास्त वेळ जाईल.

सुटलेल्या कडेजवळ, किंवा एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात, कटरने इंचभर चीर देऊन कागद उचला आणि तीन गोष्टी बघा. मागे काळे-हिरवे ठिपके आहेत का, ओलसर कुबट वास येतो का, आणि कागदाबरोबर भिंतीचं काय निघालं. फक्त कागद निघाला तर उत्तम. पांढरा भुगा किंवा जुन्या रंगाचा पापुद्रा चिकटून आला तर खाली डिस्टेंपर किंवा प्रायमर न दिलेली पुट्टी आहे, आणि पेंटरच्या «प्लास्टर निघेल» या म्हणण्यात निम्मं तथ्य आहे. निघते ती पुट्टी. प्लास्टर सहसा जागेवर राहतं, आणि पुट्टी परत भरता येते.

ओल मोजायला भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून एक दिवस ठेवायची जुनी पद्धत इथे उपयोगाची नाही, कारण व्हायनल स्वतःच तो तुकडा आहे. पिनांचा मॉइश्चर मीटर कुणाकडे असेल तर आकड्यापेक्षा तुलना बघा. घरातल्या मधल्या, कोरड्या भिंतीचा आकडा घ्या आणि त्याच्याशी संशयित भिंत ताडून बघा. मात्र छपाईत सोनेरी-चंदेरी धातूचा थर असेल तर मीटर त्याच्यामुळेच फसतो, म्हणून पिना चीर दिलेल्या जागी खुपसा.

प्लास्टर कोणतं हेही आत्ताच कळलेलं बरं. स्विचबोर्डाची प्लेट काढा, पण त्याआधी त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा स्विच, पाडा. पेटीच्या कडेला खरवडून बघा: करडा, रेतीसारखा खरखरीत भुगा म्हणजे सिमेंट-रेतीचं प्लास्टर, पांढरा, मऊ, पिठासारखा म्हणजे जिप्सम. नव्या टॉवरांमध्ये आतून जिप्समच जास्त. वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको घरांमध्ये सिमेंट प्लास्टरवर नीरू (चुन्याचा गुळगुळीत थर) आणि त्यावर वर्षानुवर्षांचे डिस्टेंपरचे थर सापडतात. कागद काढताना पाणी किती वापरायचं हे यावर ठरतं.

स्वतः चिकटणारी पीव्हीसी शीट, किंवा फोमच्या त्रिमितीय विटा लावल्या असतील तर प्रश्नच मिटला. त्यावर रंग धरत नाही, त्या काढायच्याच.

गणपतीच्या आत का नको

ऑगस्टमध्ये भिंत वाळत नाही. ऑइल प्रायमर कोरड्या दिवसांत सहा-आठ तासांत हाताला कोरडा होतो, त्याला पावसाळ्यात पूर्ण दिवस लागतो. खळ धुतल्यावर ओली झालेली भिंत तर आठवडाभर तशीच राहते, आणि घाई करून वर प्रायमर मारला की ओल आत कोंडली जाते. इथून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो. त्यानंतरच्या उन्हात भिंती झपाट्याने वाळतात. दसरा ते दिवाळी हे वीस दिवस दोन भिंतींना पुरतात, पाऊस लांबलाच तर दिवाळीनंतर करा. गणपतीपुरतं हॉलच्या सुटलेल्या कडा वॉलपेपरच्या खळीने चिकटवा आणि काळ्या कोपऱ्यापुढे मखर येणार नाही असं बघा. त्या कोपऱ्यात हवा खेळती हवी.

पावसाळ्याचा एक फायदा मात्र घ्या: ओल कुठून येते हे आत्ताच दिसतं. पश्चिमेची भिंत असेल तर खिडकीच्या चौकटीची खालची कड, बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा, आणि एसीचा पाइप जातो ते भोक, या तीन जागा आधी बघा. हे भोक आतल्या बाजूला उतरतं ठेवून पाडलं असेल तर प्रत्येक झोडपणारी सर त्यातून आत येते. भिंतीच्या पलीकडे बाथरूम असेल तर नळाच्या सांध्यांकडेही लक्ष द्या. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंतीतून येणारी पावसाची गळती दुरुस्त करणं हे सोसायटीचं काम आहे, तेव्हा फोटोंसह सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या. आतून वॉटरप्रूफिंगचा हात मारून ही गळती थांबत नाही. पाणी त्या थरामागे जमतं आणि थर फोड येऊन सुटतो.

हॉल: कागद काढायचाच

व्हायनल काढणं लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही, कारण तो दोन थरांत निघतो. फर्निचर बाहेर काढा किंवा मधे ओढून प्लास्टिकने झाका, जमिनीवर जुनी चादर आणि तिच्याखाली प्लास्टिक, एमसीबी बंद. पीओपीच्या कॉर्निसला (छताच्या कडेच्या पट्टीला) आणि स्कर्टिंगला कागद जिथे भिडतो तिथे कटरने रेघ मारून घ्या, नाहीतर कॉर्निसचा रंग कागदाबरोबर निघतो. मग वरच्या कोपऱ्यातून व्हायनलचा थर सोडवा आणि पट्टा भिंतीला जवळजवळ चिकटून, खालच्या दिशेने, सावकाश ओढा. सरळ आपल्या अंगाकडे ओढलात तर भिंतीला झटका बसतो आणि पुट्टीचे पोपडे निघतात. कोरडा थर असाच निघून येतो आणि भिंतीवर मागचा पातळ, पांढरट कागद राहतो. वरचा थर सुटत नसेल तर त्यावर खरखरीत 60 नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवून पाणी आत जाण्यापुरते ओरखडे काढा. कटरने चौकटी मारत बसू नका, त्याच्या रेघा प्लास्टरवर उमटतात आणि शेवटच्या रंगातही दिसतात.

राहिलेल्या कागदासाठी फवारणीची बाटली, त्यात हाताला सोसेल इतकं गरम पाणी आणि लिटरला चमचाभर भांड्यांचं लिक्विड. सिमेंट प्लास्टर असेल तर मोकळ्या हाताने फवारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा फवारा, मग चार इंची पट्टीने भिंतीशी जेमतेम तिरकी धरून कागद सरकवा. कागद नीट भिजला असेल तर तो ओल्या पोळीसारखा अख्खा सरकतो. कुरतडावा लागत असेल तर भिजला नाही एवढंच समजायचं, जोर वाढवायचा नाही. जिप्सम असेल तर एका वेळी तीन-चार चौरस फूटच घ्या, बारीक फवारा द्या आणि पाणी ओघळू देऊ नका. जिप्सम भिजलं की पट्टी त्यात लोण्यासारखी शिरते. कपड्यांचा स्टीमर फिरवला तर पाणी कमी लागतं, पण जिप्समवर तो एका जागी धरून ठेवू नका.

कागद निघाला म्हणजे काम झालं, असं समजून पेंटर इथे पुढे जातात, आणि पुढचे बहुतेक पोपडे इथेच जन्माला येतात. भिंतीवर खळीचा थर अजून आहे. डोळ्यांना तो दिसत नाही, पण ओला तळवा फिरवला तर बुळबुळीत लागतो. त्यावर प्रायमर मारला तर वाळताना बारीक बारीक भेगा पडून खवले सुटतात. गरम पाणी आणि स्पंज घेऊन वरून खाली धुवा. बादली दोन ठेवा, एक धुण्याची, एक पिळण्याची. पहिलं पाणी पेजेसारखं गढूळ होतं, ते लगेच बदला, नाहीतर तीच खळ परत भिंतीला लावत बसाल. पाणी स्वच्छ राहीपर्यंत, म्हणजे सहसा तीन फेऱ्या. खात्रीसाठी औषधाच्या दुकानातल्या टिंक्चर आयोडीनचे काही थेंब पाण्यात टाकून दोन-चार जागी फवारा: निळा-जांभळा डाग आला की स्टार्च शिल्लक आहे. सेल्युलोजच्या खळीला हा रंग येत नाही, तिथे तळव्यावरच विश्वास ठेवा.

काळ्या कोपऱ्यावर ब्लीच. बाजारात मिळणारं सोडियम हायपोक्लोराइट एक भाग, पाणी तीन भाग, हातमोजे, चष्मा, खिडक्या उघड्या. पंधरा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसून घ्या. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. बुरशी कोरडी घासूही नका, ती घरभर उडते.

यानंतर भिंत मोकळी ठेवायची. पंखा चालू, एसी असेल तर ड्राय मोडवर. सिमेंट प्लास्टरला चार-पाच दिवस, जिप्समला त्याहून एखाद-दोन दिवस जास्त. कोपरा इतर भिंतीपेक्षा गडद दिसत असेल तर अजून थांबा. सगळीकडे वाळून तोच कोपरा ओला राहत असेल तर गळती चालू आहे, आणि रंगाचं काम तिथेच थांबवायचं.

वाळल्यावर एक हात सॉल्व्हंटच्या, म्हणजेच ऑइल प्रायमरचा. धुऊनही खळीचा अंश राहतोच, पाण्याचा प्रायमर त्याला पुन्हा जागा करतो. खड्डे कधी भरायचे ते पुट्टीवर ठरतं: सिमेंट प्लास्टरवर जिथे उघडी सिमेंट दिसते तिथे व्हाइट सिमेंटची पुट्टी, ती प्रायमर लागण्यापूर्वीच; बाकी प्रायमरनंतर, जिप्समवर खोल खड्ड्याला जिप्सम, वरची लांबी ॲक्रिलिक पुट्टीची. अख्ख्या 14 × 9 फुटांच्या भिंतीला, म्हणजे 126 चौरस फुटांना, व्हाइट सिमेंट पुट्टीचे दोन हात द्यायची वेळ आलीच तर दहा ते बारा किलो लागते, आणि प्रायमर त्यानंतर. शेवटी 180 आणि मग 220 नंबरचा पॉलिश पेपर, धूळ पुसून प्रायमर, इमल्शनचे दोन हात.

खालून जुना चकचकीत ऑइल पेंटचा पट्टा निघाला, जो जुन्या घरांमध्ये हमखास निघतो, तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाखांत 90 भागांची) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. पाणी लावून घासा आणि लहान मुलांना त्या दिवशी दुसरीकडे ठेवा.

बेडरूम: वरून रंगवायचा असेल तर

मधली कोरडी भिंत, एकच थर, कागद घट्ट, नक्षी सपाट. या चार गोष्टी जुळल्या तरच. नक्षी उठावाची असेल तर ती रंगातून तशीच दिसते, मग अख्ख्या भिंतीवर लांबीचे दोन-तीन हात ओढावे लागतात. त्या मेहनतीत कागद निघून झाला असता.

सगळं काम एका नियमावर उभं आहे: ऑइल प्रायमर बसेपर्यंत कागदाला पाणी लागता कामा नये. म्हणून भिंत धुवायची नाही. तेलकट हाताचे, डोक्याच्या तेलाचे डाग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा, बाकी कोरड्या फडक्याने धूळ झाडा. व्हायनलची चकाकी 220 नंबरच्या पेपरने, हात हलका ठेवून, मारून टाका. वरची छपाई पुसट व्हावी इतपत पुरे, खालचा कागद दिसायला नको.

पोचट आवाज आलेल्या जागी कटरच्या नव्या पात्याने नक्षीच्या रेषेवरून बारीक चीर द्या आणि इंजेक्शनच्या सिरिंजने वॉलपेपरची खळ आत सोडा. ती मिळाली नाही तर थोडं पाणी घातलेलं फेविकॉल. प्लास्टिकच्या कार्डाने मधून चिरेकडे दाबत जास्तीची खळ बाहेर काढा आणि लगेच पुसा. सांध्याची उचललेली कड अशीच बसवा. कड वाळून वळली असेल तर ती बसत नाही, सरळ कापून टाका, खड्डा लांबीने भरता येतो. हे 24 तास वाळू द्या.

आता प्रायमर. दुकानात नुसता «वॉल प्रायमर» मागितला तर पाण्याचाच मिळतो, कारण वासामुळे ऑइलचा खप कमी झालाय. डब्यावर «सॉल्व्हंट थिनेबल» लिहिलेलंच बघून घ्या. पेंटरच्या भाषेत एसटी प्रायमर. लाकडाचा प्रायमर किंवा लोखंडाला मारायचं रेड ऑक्साइड हे त्याचे पर्याय नाहीत. 11 × 9 म्हणजे साधारण 100 चौरस फुटांना एका हाताला लिटरभर धरा, दोन लिटर आणि अर्धा लिटर टर्पेंटाइन आणा. दहा टक्क्यांहून जास्त टर्पेंटाइन घालू नका, पातळ प्रायमर सांध्यात ओघळतो. लाल किंवा सोनेरी नक्षी असेल तर आधी त्या भागावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचा एक हात मारा, लाकडाला पॉलिश करणाऱ्यांकडे ती मिळते. अर्ध्या तासात वाळते आणि शाई जागच्या जागी अडवते. मग अख्ख्या भिंतीवर प्रायमर, सांध्यांवर ब्रश सांध्याच्या दिशेने, उभा.

या दिवशी घरात विस्तव नको. टर्पेंटाइनची वाफ जमिनीलगत पसरते, म्हणून गॅस बंद, आणि देवघरातला दिवा-उदबत्तीही त्या वेळेपुरती नको. बेडरूम दोन रात्री रिकामी ठेवा. टर्पेंटाइनच्या चिंध्या गोळा करून पिशवीत कोंबू नका, उघड्यावर पसरून वाळवा.

कोरड्या दिवसांतही रात्रभर थांबा, मग लांबी, आणि ती ॲक्रिलिक पुट्टीचीच. सिमेंटच्या पुट्टीला ओल शोषून घेणारा पृष्ठभाग लागतो, ऑइलच्या थरावरून ती पापुद्र्यासारखी निघते. 53 सेंटिमीटर रुंदीच्या रोलने 11 फुटांच्या भिंतीला सात पट्टे लागतात, म्हणजे सहा सांधे, एक किलो पुट्टीत होतात. नुसती फट भरून थांबलात तर सांधा रेघेसारखा दिसतो. आठ इंची पट्टीने दोन्ही बाजूंना चार-पाच इंचांपर्यंत पातळ ओढत न्या आणि कडेला शून्यावर आणा. वाळल्यावर 220 ने घासा. आता खोलीतले दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरा. जी सावली या उजेडात दिसते ती उद्या खिडकीच्या उन्हातही दिसणार. तिथे पुन्हा एक पातळ हात द्या. भिंतीवर कोव्ह लाइट किंवा प्रोफाइल लाइट वरून पडत असेल तर इथे कंजूषपणा करू नका.

मग प्रायमरचा दुसरा हात. कॉर्निसच्या आणि स्कर्टिंगच्या कडेला पेंट करता येणाऱ्या ॲक्रिलिक सीलंटची बारीक रेघ भरून बोटाने सारखी करा, म्हणजे कडेतून हवा-ओल शिरत नाही. सिलिकॉन नको, त्याच्यावर रंग धरत नाही.

वरचा रंग मॅट घ्या. साटिन आणि चकाकीचे रंग धुवायला सोपे खरे, पण ते प्रत्येक सांधा बोलून दाखवतात. दोन हातांना लिटरभर जेमतेम पुरतो, तेव्हा एकाच वेळी टिंट करून दोन लिटर आणा, नंतर आणलेली छटा थोडी वेगळी निघू शकते. पाणी डब्यावर सांगितलंय त्याच्या निम्मंच घाला: 40 टक्के लिहिलं असेल तर इथे 20. पेंटर डब्यात मगभर पाणी ओततो तेव्हा तिथे उभे राहा. दोन हातांमध्ये सहा तास तरी जाऊ द्या. पहिल्या हातानंतर लहान फुगे दिसले तर घाबरून टोचू नका. बरेचसे वाळताना आपोआप बसतात. दुसऱ्या दिवशीही जे राहतील तेच चीर देऊन सिरिंजने बसवा.

पेंटरशी ठरवताना «दोन भिंती रंगवणे» एवढंच बोललात तर खळ धुणं आणि वाळवणं यांतून गळून पडतं. कागद काढणं, खळ धुणं, ऑइल प्रायमर, लांबी, हात किती, हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या आणि चौरस फुटाचा दर त्यावर ठरवा. भिंत वाळण्याच्या दिवसांत तो दुसऱ्या साइटवर जाणारच, तेव्हा परत कधी येणार तेही आधी विचारा. पैशांचा शेवटचा हप्ता टॉर्च लावून भिंत बघितल्यावर द्या.

बेडरूमचा पलंग आठवडाभर भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. ओला फडका महिनाभर नको. आणि पुढे त्या भिंतीवर फोटो टांगायचा असेल तर खिळ्याच्या जागी आधी कटरने छोटी फुली मारून कागदाची चार टोकं मागे दुमडा, मग ड्रिल करा. थेट ड्रिल केलं तर बिटाला कागद गुंडाळला जाऊन रंगासकट वीतभर फाटतो.